वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन आणि उतारवयातील हाडे : आपल्याच शेतातले सोयाबीन आईला उपयोगी पडेल का?

मार्कंडेयकाठ

नमस्कार. मार्कंडेय नदीच्या काठावरील एका गावात आमचे घर आहे. खरिपात भात, रताळी आणि गेल्या काही वर्षांपासून सोयाबीन, अशी आमची शेती. माझी आई ६६ वर्षांची आहे. श्रावणात परड्यातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड कसे मोडले, याचे आम्हाला आश्चर्य वाटले. डॉक्टरांना वाटले नाही. त्यांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करायला सांगितली. मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.९ आणि खुब्याचा उणे २.१ आला. आईची पिशवी ३९व्या वर्षी काढलेली आहे, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लिहून दिले.

याच सुमारास शहरातील एका प्रदर्शनातून माझ्या आत्याने आईसाठी ‘वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन’च्या कॅप्सूल आणल्या. या घेतल्या की डॉक्टरांच्या गोळीची गरज राहत नाही, असे विक्रेत्याने तिला सांगितले. डबीवर सोयाबीनचा अर्क असे लिहिले आहे. आईचे म्हणणे असे, की जे शेतात पिकते त्याने अपाय होणार नाही, म्हणून आधी हेच घेऊन पाहू. तिला नुसते ‘नको’ म्हटले तर ती ऐकणार नाही, आणि कारण समजावून सांगण्याइतके ज्ञान मला नाही.

वनस्पतीतील इस्ट्रोजेन हाडांवर खरोखर काम करते का, करत असेल तर कसे आणि किती, आणि त्यासाठी कॅप्सूलच हवी की घरातले सोयाबीन पुरेल, हे जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी ते आईला वाचून दाखवीन.

टिळकवाडीकर

ताई, मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाविषयी बोलणार नाही. यंत्रणा मात्र समजावून सांगण्याचा प्रयत्न करतो, कारण ती समजली की आईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

हाड ही एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. ते आयुष्यभर जागोजागी खरवडले जाते आणि पुन्हा भरले जाते. खरवडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात आणि भरणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट. एका ठिकाणचे खरवडणे काही आठवड्यांत उरकते, पण तोच खड्डा भरून यायला काही महिने लागतात. त्यामुळे एकाच वेळी फार ठिकाणी खरवडणे सुरू झाले, तर भरणाऱ्या पेशी कितीही प्रामाणिकपणे काम करोत, त्या मागे पडतात. पाळी थांबल्यावर, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आटल्यावर, नेमके हेच होते. इस्ट्रोजेन आणि ठिसूळ हाडे यांचा हा संबंध अमेरिकेतील फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ मध्ये मांडला. त्यामागची पेशींची भाषा मात्र उलगडायला पुढची अर्ध्या शतकाहून अधिक वर्षे लागली.

ती भाषा थोडक्यात अशी. भरणाऱ्या पेशींच्या कुळातील पेशी आणि हाडाच्या आत रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी रँक-लिगंड नावाचे प्रथिन तयार करतात. ते खरवडणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींना जाऊन चिकटले, की त्या पक्व होतात आणि कामाला लागतात. त्याच कुळातील पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे दुसरे प्रथिनही सोडतात. हे १९९७ मध्ये सापडले. ते रँक-लिगंडला मधल्या मधेच पकडून ठेवते आणि पुढे जाऊ देत नाही. इस्ट्रोजेन असताना ऑस्टिओप्रोटेजेरिन वाढते, रँक-लिगंड आटोक्यात राहते, दाह वाढवणारे इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांच्यावर वचक राहतो, आणि खरवडणाऱ्या पेशी आपले काम संपवून वेळेवर मरतात. इस्ट्रोजेन गेले की हे चारही लगाम एकदम सैल होतात. म्हणूनच पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झीज सर्वांत वेगाने होते.

आता वनस्पतींकडे येऊ. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन आणि ग्लायसिटीन ही आयसोफ्लेवोन गटातील द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूची चौकट आपल्या शरीरातील इस्ट्राडायॉल या मुख्य इस्ट्रोजेनशी इतकी मिळतीजुळती आहे, की ती इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीतील कुलुपासारख्या प्रथिनात, बसू शकतात. हे रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध १९९६ मध्ये लागला आणि त्यानंतर या विषयाचे चित्र बदलले, कारण जेनिस्टीन अल्फापेक्षा बीटाला कित्येक पटींनी अधिक ओढीने चिकटते. गर्भाशय आणि स्तन यांच्या वाढीला चालना देण्यात अल्फाचा वाटा मोठा असतो. हाडाच्या जाळीदार भागात बीटा विशेष आढळतो. त्यामुळे हाडांना लाभ होईल आणि स्तन-गर्भाशयाला धोका होणार नाही, अशी आशा शास्त्रज्ञांना वाटू लागली. २००२ मध्ये अमेरिकेतील महिला आरोग्य उपक्रमाचा, पाळी गेलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन असलेल्या हार्मोनच्या गोळ्या देण्याचा मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्या गोळ्यांनी खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते, परंतु स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले होते. त्यानंतर जगभरातील स्त्रियांचे लक्ष सोयाबीनकडे वळले, हे स्वाभाविकच होते.

इथे एक गोष्ट आईंना अवश्य सांगा. रेणू कुलुपात बसला म्हणजे कुलूप पूर्ण उघडले, असे नव्हे. आयसोफ्लेवोन हे दुर्बळ इस्ट्रोजेन आहे. सोयाबीन खाल्ल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण आपल्या इस्ट्राडायॉलच्या शेकडो ते हजारो पट होऊ शकते, म्हणूनच त्याचा काही परिणाम दिसतो, एरवी दिसलाही नसता. शेतात पिकते म्हणून अपाय होणार नाही, हा तर्कही मला मान्य नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या प्रमाणावर वांझ झाल्या. त्या गवतात असेच वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन भरपूर होते. माणूस मेंढीइतके गवत खात नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण जे द्रव्य शरीरात काम करते, ते मात्रेनुसारच काम करते, मग ते शेतातले असो वा कारखान्यातले.

निपाणीची लेक

सरांनी फार सोपे करून सांगितले, त्यांचे आभार. आमच्या भागात तंबाखू हेच मुख्य पीक होते. आता अनेकांच्या रानात सोयाबीन दिसते. मळणी झाली की पोती थेट व्यापाऱ्याकडे जातात, आणि घरात सोयाबीन शिजलेले मी लहानपणापासून क्वचितच पाहिले आहे. घरात येते ते सोयाबीनचे तेल. आम्ही ते रोज खातो, म्हणजे आम्हाला हे आयसोफ्लेवोन मिळतच असणार, अशी माझी समजूत आहे. ती बरोबर आहे का?

आहारविचार

नाही ताई, आणि ही समजूत फार जणींची आहे. मी बेळगावात आहार सल्लागार म्हणून काम करते. आयसोफ्लेवोन तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात त्याचे प्रमाण जवळजवळ शून्य असते. कोरड्या सोयाबीनमध्ये मात्र वाणानुसार १०० ग्रॅमला साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम मिळते. पेंडीपासून केलेल्या सोयावड्यांतही ते बऱ्यापैकी टिकते, पण अल्कोहोलने धुऊन काढलेल्या प्रथिन-भुकटीत फारसे उरत नाही. टोफूत १०० ग्रॅमला सुमारे २० ते ३० मिलिग्रॅम असते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली माणसे शेतात सोयाबीन पिकवतात, आणि त्यातला जो भाग या चर्चेचा विषय आहे तो जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. मला याचे खरोखर वाईट वाटते, हाडांपेक्षाही प्रथिनांसाठी, कारण ज्या घरांत डाळ पातळ होत चालली आहे त्याच घरांच्या रानात हे पीक उभे असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. सरांनी यंत्रणा सांगितली; मी माणसांवरील प्रयोगांविषयी लिहिते, कारण यंत्रणा सुंदर असूनही प्रत्यक्षात लाभ न झाल्याची उदाहरणे वैद्यकात भरपूर आहेत.

आशेचा पाया पूर्वेकडील देशांत घातला गेला. शांघायमधील सुमारे २४,००० पाळी गेलेल्या स्त्रियांचा साडेचार वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाबीनचे पदार्थ सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात अस्थिभंगाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्या गटापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आणि पाळी जाऊन फार वर्षे न झालेल्या स्त्रियांत हा फरक अधिक ठळक होता. मात्र या स्त्रिया कॅप्सूल घेत नव्हत्या. त्या आयुष्यभर टोफू आणि सोया दूध यांवर वाढलेल्या होत्या. त्या चालतही पुष्कळ असतील, त्यांचा बाकीचा आहारही निराळा असेल. अशा अभ्यासातून हा सगळा गुंता पूर्ण सोडवता येत नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग झाले. इटलीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हाडे विरळ होऊ लागलेल्या ३८९ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दोन वर्षे दिले गेले, आणि त्यांच्या मणक्याची व खुब्याची घनता वाढली, तर दुसऱ्या गटाची घटली. दोन्ही गटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळत होते. कॅप्सूल विकणारे बहुधा याच प्रयोगावर बोट ठेवतात. अमेरिकेतील मायामीत मात्र पाळी जाऊन पाच वर्षांच्या आत असलेल्या २४८ स्त्रियांना रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेवोन दोन वर्षे देऊन पाहिले. त्याचा निकाल २०११ मध्ये आला: हाडांची झीज थांबली नाही, आणि अंगातून वाफा येण्याचा त्रास सोया घेणाऱ्या गटात उलट अधिक जणींना झाला. अमेरिकेतच ८० आणि १२० मिलिग्रॅम मात्रेचा तीन वर्षांचा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मोठ्या मात्रेच्या गटात खुब्याच्या मानेपाशी किंचित लाभ दिसण्यापलीकडे काही हाती आले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये ‘सोया आयसोफ्लेवोन हाडांची घनता टिकवते’ हा दावा उत्पादनांवर छापण्यास पुरेसा आधार नाही, असे मत दिले.

ताई, माझे स्पष्ट मत सांगते. तुमच्या आईचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली गेलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेल्या मर्यादेनुसार हा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा विकार आहे, आणि हाड एकदा मोडलेही आहे. पुढचा अस्थिभंग मणक्याचा किंवा खुब्याचा होण्याचा धोका अशा वेळी वाढलेला असतो. डॉक्टरांच्या गोळीने अस्थिभंग कमी होतात हे मोठ्या प्रयोगांत दिसले आहे. कॅप्सूलने अस्थिभंग कमी होतात हे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. जिथे घनतेवरचा परिणामच एका प्रयोगात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, तिथे गोळी थांबवून कॅप्सूल सुरू करणे म्हणजे आईला पुन्हा शेवाळावर उभे करण्यासारखे आहे. विक्रेत्याने ‘गोळीची गरज नाही’ असे सांगितले, याचा मला मनापासून राग येतो.

टिळकवाडीकर

आहारविचार ताईंनी लिहिलेले सर्व प्रयोग मी वाचलेले आहेत आणि त्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे. एवढा फरक का पडतो, याविषयी मात्र एक महत्त्वाचा दुवा सांगायचा राहिला आहे.

सोयाबीनमधील डेडझीन आतड्यात पोचल्यावर काही माणसांच्या आतड्यातील जीवाणू त्याचे इक्वॉल नावाच्या द्रव्यात रूपांतर करतात. ते प्रथम १९३२ मध्ये घोडीच्या मूत्रात सापडले, आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. इक्वॉल मूळ डेडझीनपेक्षा अधिक प्रभावी आहे. पण ते तयार करणारे जीवाणू सर्वांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चारपैकी एका व्यक्तीच्या शरीरात इक्वॉल तयार होते. जपान, कोरिया, चीन इथे, तसेच पाश्चात्त्य शाकाहारी लोकांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा किंचित अधिक आढळते. म्हणजे एकाच पातेल्यातली उसळ दोन बहिणींनी खाल्ली, तरी एकीच्या रक्तात इक्वॉल येईल आणि दुसरीच्या येणार नाही. ज्या प्रयोगांत हा भेद पाहिलाच गेला नाही, त्यांत लाभ झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांची सरासरी एकत्र होऊन परिणाम पुसला गेला असेल, ही शक्यता राहते. जपानमध्ये स्वतःच्या शरीरात इक्वॉल तयार न होणाऱ्या स्त्रियांना रोज १० मिलिग्रॅम तयार इक्वॉल वर्षभर दिले, तेव्हा हाड झिजण्याच्या खुणा कमी झालेल्या दिसल्या. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

यातूनच उंदरांच्या प्रयोगांचेही कोडे सुटते. अंडाशय काढलेल्या उंदरांना सोया आयसोफ्लेवोन दिले की हाडे टिकतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आणि त्या जोरावर पुष्कळ जाहिराती झाल्या. पण उंदरांच्या शरीरात जवळजवळ सरसकट इक्वॉल तयार होते.

वनस्पतीजन्य म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. आयसोफ्लेवोनवरूनच घडवलेले इप्रिफ्लेवोन नावाचे द्रव्य काही देशांत हाडांसाठी वापरात होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७४ स्त्रियांच्या प्रयोगात त्याने हाडांची झीज थांबवली नाहीच, शिवाय अनेक स्त्रियांच्या रक्तातील लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी कमी झाल्या.

जांबोटीकडचा

हा धागा मी दोनदा वाचला. आम्ही खानापूर तालुक्यातल्या पावसाच्या पट्ट्यातले. आमच्याकडे सोयाबीन नाही. नाचणी, भात आणि हुलगे. माझे वय ७१. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचे असेच आम्ही समजत आलो. माझी उंची गेल्या काही वर्षांत कमी झाल्यासारखी वाटते आणि पाठीला पोक आला आहे. पुरुषांचाही या विषयाशी काही संबंध आहे का?

टिळकवाडीकर

काका, संबंध आहे, आणि तो कसा उमगला हे ऐकण्यासारखे आहे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्राडायॉल तयार होते, आणि पुरुषाचे हाडही बऱ्याच अंशी त्यावरच टिकते. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जनुकातील दोषामुळे त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर कामच करत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित असूनही त्याची हाडे विरळ होती, आणि हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या चकत्या मिटल्या नसल्यामुळे तो २०४ सेंटिमीटर उंच होऊनही वाढतच होता. तोवर पुरुषाच्या हाडाला इस्ट्रोजेन लागते, हे फारसे कोणी मानत नव्हते.

पुरुषांत पाळीसारखा एकदम तुटवडा येत नाही, म्हणून झीज सावकाश होते आणि उशिरा लक्षात येते. उंची घटणे आणि पोक येणे ही मणक्याचे मणी दबल्याची खूण असू शकते. तुम्ही क्ष-किरण आणि डेक्सा तपासणी करून घ्या, सोयाबीनचा विचार नंतर करता येईल.

आहारविचार

आणि काका, तुमच्या नाचणीला कमी लेखू नका. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हुलग्यांत पावणेतीनशेच्या आसपास, तर तांदळात जेमतेम १०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या भागात नाचणीची भाकरी मागे पडून तिन्ही त्रिकाळ भात आला, हा बदल हाडांच्या दृष्टीने चांगला झाला नाही.

मागवाला

वडगावात आमचा मागाचा व्यवसाय आहे. माझी पत्नी ५४ वर्षांची आहे, तिची पाळी सहा वर्षांपूर्वी थांबली आणि तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. हा धागा सुरू होण्याआधीच कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने सकाळी गोळीनंतर लगेच सोया दूध प्यायला सुरुवात केली. आता तपासणीत थायरॉइडचा आकडा वाढलेला आला आहे. याचा एकमेकांशी संबंध असेल का? शिवाय आम्ही दोघेही दिवसभर मागाजवळच असतो, ऊन अंगावर पडतच नाही.

आहारविचार

दादा, संबंध असण्याची शक्यता आहे. सोयाबीनचे पदार्थ थायरॉइडच्या गोळीचे आतड्यातील शोषण कमी करतात, त्यामुळे नेहमीची मात्रा अपुरी पडू लागते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि सोयाबीन किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान चार तास दूर ठेवावी. सोया दूध बंदच करायला हवे असे नाही; ते दुपारी घेता येईल. वहिनींच्या डॉक्टरांना मात्र हे अवश्य सांगा, नाहीतर ते गोळीची मात्रा वाढवत जातील आणि खरे कारण मागेच राहील.

उन्हाविषयी तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. आपल्याकडे जूनपासून चार महिने आभाळ झाकलेले असते, आणि मागावर बसणाऱ्या माणसाला उरलेल्या आठ महिन्यांतही ऊन मिळत नाही. माझ्याकडे वडगाव-शहापूर भागातून येणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे ड जीवनसत्त्व कमीच निघते. त्याची तपासणी करून डॉक्टर सांगतील त्या मात्रेत ते घ्यावे, स्वतःच्या मनाने वाढवू नये.

गुरेळ

आमच्याकडे बैलहोंगलच्या बाजूला जेवणात जवसाची म्हणजे अगसीची चटणी असतेच. जवसातही वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन असते, असे मी वाचले आहे. त्याविषयी इथे कोणी लिहिले नाही.

टिळकवाडीकर

जवसातील द्रव्ये लिग्नन गटातील आहेत, आणि खाण्याच्या पदार्थांत लिग्ननच्या बाबतीत जवसाचा क्रमांक पहिला लागतो. १०० ग्रॅमला सुमारे ३०० मिलिग्रॅम. तिळात त्याच्या साधारण आठव्या हिश्शाइतके असते. यांचेही काम आतड्यातील जीवाणूंवरच अवलंबून असते. ते लिग्ननचे एन्टेरोडायॉल आणि एन्टेरोलॅक्टोन बनवतात. जीवाणूनाशक औषधांचा क्रम झाल्यावर रक्तातील एन्टेरोलॅक्टोन बरेच महिने कमी राहते, असे दिसले आहे. मात्र हाडांबाबत आशा धरावी असा पुरावा नाही. कॅनडात १९९ स्त्रियांवर रोज ४० ग्रॅम जवस वर्षभर देऊन केलेल्या प्रयोगात हाडांच्या घनतेत फरक पडला नाही. चटणी जरूर खावी, ती चांगलीच आहे, आणि अख्खे जवस न पचता बाहेर पडते म्हणून कुटलेली चटणी हाच त्याचा योग्य प्रकार आहे. बिनसडलेल्या तिळाचे तर कॅल्शियमसाठीच महत्त्व आहे.

निपाणीची लेक

माझ्या थोरल्या बहिणीवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आहेत. घरातल्यांनी तिला सोयाबीन पूर्ण वर्ज्य केले आहे, आणि हाडे ठिसूळ करणारी गोळी तर तिला चालूच आहे. तिने काय करावे?

आहारविचार

ताई, आहारातील सोयाबीन, म्हणजे उसळ, टोफू, सोया दूध, बेताच्या प्रमाणात घेतल्याने कर्करोग पुन्हा उद्भवतो असे स्त्रियांवरील अभ्यासांत दिसलेले नाही, त्यामुळे भीतीने वर्ज्य करण्याचे कारण उरलेले नाही. एकवटलेल्या अर्काची कॅप्सूल ही निराळी गोष्ट आहे. ती तिने कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. आणि तिची डेक्सा तपासणी झाली नसेल, तर ती मागून घ्यायला सांगा. इस्ट्रोजेन आणखी कमी करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या स्त्रियांसाठी ती आवश्यकच असते.

मार्कंडेयकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री जेवणानंतर मी आईला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. इक्वॉलचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. आपल्या पोटात तो जीवाणू आहे की नाही हे कळणारच नसेल, तर त्याच्या भरवशावर मनगट कसे ठेवायचे, असे ती स्वतःच म्हणाली. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. पिशवी काढताना तिची अंडाशयेही काढली होती. म्हणजे तिच्या हाडांचे लगाम ३९व्या वर्षीच सुटले होते. त्या वेळी तिला कोणी हे सांगितले नाही आणि पुढची सत्तावीस वर्षे कोणी विचारले नाही. गावात तिच्या वयाच्या कितीतरी बायकांची पिशवी अशीच तरुणपणी काढलेली आहे. त्यातल्या पाच जणींना घेऊन मी पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी शहरात जाणार आहे.

या रविवारपासून तिने गोळी सुरू केली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे न होता. कॅप्सूलची डबी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवायला सांगितले.

एक शेवटची शंका. मळणीतले वीस किलो सोयाबीन मी घरासाठी काढून ठेवत आहे. ते ज्वारीत मिसळून दळले तर चालेल का?

आहारविचार

चालेल, पण कच्चे दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात आणि ती नीट शिजवल्यावरच निकामी होतात. दाणे रात्रभर भिजवून पाणी टाकून द्यावे, वीस-पंचवीस मिनिटे उकळावेत, कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मग दहा भाग ज्वारी किंवा नाचणीला एक भाग या प्रमाणात दळावेत. या उष्णतेने आयसोफ्लेवोन फारसे नष्ट होत नाही. पेरणीसाठी आणलेले, औषध चोळलेले बियाणे उरले असेल तर ते मात्र चुकूनही या पोत्यात मिसळू देऊ नका. घरातल्या सर्वांना ते वेगळे ओळखता येईल अशा ठिकाणी ठेवा.

मार्कंडेयकाठ

बियाण्याचे उरलेले पाकीट आजच गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवले. दाणे उद्या भिजत घालते. परड्यातले शेवाळ भावाने खरवडून काढले आहे, आणि न्हाणीपासून मागच्या दारापर्यंत धरायला लोखंडी नळी बसवण्यासाठी गवंडी परवा येणार आहे.